रातकिडा आणि माझे रमेशभाई

संपादकांनी फोन करून "तुमच्या व्यवसायाविषयी आमच्या अंकात लिहा" असं सांगितलं, तेव्हा मी त्यांना आधी विचारून घेतलं, "व्यवसायाचं नाव छापणार ना?" कारण आमच्या नातलगांत ते नाव कोणी घेत नाही. लग्नकार्यात माझी ओळख करून देताना "ह्यांचं खापरला हॉटेल आहे" एवढंच सांगतात. एखादी नवी सून उत्साहाने "थाळी कशी असते हो तुमची?" असं विचारते, आणि मग तिची सासू तिला काहीतरी काम काढून आत बोलावते.

तर स्पष्टच लिहिते. मी परमिट रूम चालवली. हॉटेल निवांत, परमिट रूम व फॅमिली रेस्टॉरंट. त्यातलं 'फॅमिली' हे पेंटरने स्वतःहून रंगवलं होतं, आम्ही सांगितलं नव्हतं.

माझे वडील पुरुषोत्तमनगरला साखर कारखान्यात होते. मी मळीच्या वासात वाढले, आणि त्या मळीपासून पुढे जे तयार होतं ते विकणाऱ्या घरात सून म्हणून आले. उसाचा सगळा प्रवास मी पाहिला, फक्त शेवटचा घोट तेवढा राहिला. तो कधी घेतला नाही, घ्यावासाही वाटला नाही. लायसन माझ्या नावावर होतं, कारण बायकोच्या नावाने धंदा चालतो असं यजमानांना कोणीतरी सांगितलं होतं. ते अचानक गेले. दीर म्हणाले, विकून टाका. मी म्हटलं, नाव माझंच आहे, तर बसून तरी बघते.

पहिल्या संध्याकाळी जे गिऱ्हाईक आलं, त्याने मला गल्ल्यावर पाहिलं आणि आपण चुकून कोणाच्या घरात शिरलो असं वाटून दारात चपला काढून उभं राहिलं. मी म्हटलं, "या, बसा." तो बसला, पण रात्रीचं जेवून, हात जोडून गेला. बाटली त्याने मागितलीच नाही. असा आमचा शुभारंभ.

पुढे लोकांना सवय झाली. मी सगळ्यांची वहिनी झाले, माझ्या मुलाच्या वयाच्यांचीसुद्धा. बाहेरच्याला वाटतं की परमिट रूम म्हणजे बाटली उघडायची आणि ओतायची. त्याला काही लागत नाही. गल्ल्यावर बसणाऱ्याचं काम वेगळं असतं. कोण आज घरी भांडून आलाय, कोणाला आधी जेवायला वाढलं पाहिजे, कोणत्या दोघांना एका टेबलावर बसू द्यायचं नाही, कोणाच्या मोटरसायकलची चावी गोड बोलून ठेवून घ्यायची, हे आत येणाऱ्याच्या चालण्यावरून ओळखायचं. बाकी सगळं स्वयंपाकघरात आमचे रशीदचाचा बघायचे. अक्कलकुव्याचे. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या लग्नांतल्या बिर्याणीच्या देगी उतरवणारं. त्यांनीही आयुष्यात दारूचा थेंब घेतला नव्हता. परमिट रूम चालवणारी दोन माणसं, आणि दोघंही सोडावॉटरवाली.

खापरपासून गुजरातची हद्द हाकेच्या अंतरावर. तिकडे दारूबंदी. त्यामुळे तिकडची बरीच सभ्य माणसं संध्याकाळी इकडे हवा खायला येत. हवा खाऊन झाली की मूठभर बडीशेप खाऊन परत जात. ह्या सगळ्यांचं एक वैशिष्ट्य होतं. नाव विचारलं की प्रत्येक जण सांगायचा, "रमेशभाई." एकदा एका टेबलावर सगळेच रमेशभाई जमले होते, आणि एकाने "रमेशभाई, जरा मीठ आपो" म्हटल्यावर सगळ्यांनी मिठाला हात घातला. मी कधी कोणाला दुसरं नाव विचारलं नाही. त्यांनी सांगितलेलं नाव तेच खरं, हा आमच्या धंद्याचा धर्म.

ह्यांच्यातले एक रमेशभाई जगावेगळे होते. मधल्या वयाचे, पांढरा स्वच्छ सदरा, खिशाला पेन. दर गुरुवारी दिवेलागणीला यायचे, अगदी कोपऱ्यातलं टेबल धरायचे आणि हळूच म्हणायचे, "वहिनी, रोजनुं." रोजचं म्हणजे अंडा भुर्जी, डबल मिरची, चार पाव आणि लिंबू सोडा. दारू नाही. घरात पिढीजात शाकाहार. लहानपणी कुठल्यातरी मित्राकडे एकदा भुर्जी खाल्ली आणि ती जिभेवरून गेलीच नाही, असं त्यांनी मला एकदा डोळे मिटून सांगितलं होतं. बाकीचे रमेशभाई पेला लपवायचे, हे बशी लपवायचे. बाहेर गाडीचा आवाज आला की पाव भुर्जीवर पालथा घालायचे.

तर अशा आमच्या निवांतात एक दिवस केतकी आली.

नंदुरबारच्या मिरची व्यापाऱ्याची मुलगी. पुण्यात शिकली, तिथेच दोन मित्रांबरोबर तिने एक ॲप काढलं होतं. मिरचीच्या बाजारात वाढलेली असल्यामुळे ती सहसा कशाने ठसकत नसे. तिच्या ॲपचं नाव 'रातकिडा'. रात्री बाहेर बसायला, खायला-प्यायला, गाणी ऐकायला ज्या ज्या जागा असतात त्यांना लोकांनी तारे द्यायचे, चार ओळी लिहायच्या, म्हणजे पुढच्याला कळतं कुठे जायचं.

"पुण्यात सगळेच असली ॲप वापरतात, काकू," ती म्हणाली. "मला आपल्याकडे चालतंय का ते बघायचंय. तुम्ही मालक म्हणून वापरा आणि मला खरा फीडबॅक द्या. गोड गोड नको."

मी चष्मा लावला. तिने एकेक रकाना वाचायला सुरुवात केली.

"डान्स फ्लोअर आहे?"

"फरशी आहे. पण नाचणारे सगळे वरातीत नाचतात. इथे येतात तेव्हा पाय दुखत असतात."

"ड्रेस कोड?"

"अंगात शर्ट पाहिजे. मे महिन्यात तेवढंही सांगावं लागतं."

"म्युझिक?"

आतून रशीदचाचा म्हणाले, "मन्हा रेडिओ शे ना!"

"क्राऊड कसा असतो?"

"रमेशभाई."

तिने 'रमेशभाई' लिहिलं आणि मग थांबून विचारलं, "म्हणजे?" मी समजावून सांगितलं. ती इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. मग पुढचा रकाना आला, 'महिलांसाठी सोयीचं आहे का?'

"मी आहे की इथे," मी जरा ताठ्यातच म्हटलं.

केतकीने मान वळवून मागच्या बाजूला पाहिलं. उठून मागे जाऊन आली आणि म्हणाली, "काकू, बाथरूमच्या दाराला कडी नाहीये. दोरी बांधलीय. कुठली बाई येईल इथे?"

 खरं होतं. मी स्वतः मागच्या घरी जाऊन येत असे, त्यामुळे ते दार माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सुतार बोलावला. म्हणजे मी तिच्या ॲपला फीडबॅक देण्याआधी तिनेच मला दिला.

जाताना तिने माझ्या फोनवर रातकिडा घालून दिला आणि रशीदचाचांना म्हणाली, "चाचा, तुमच्या पदार्थांचे चांगले फोटो काढून टाकत जा. लोक आधी फोटो बघतात." चाचांनी ते वाक्य फारच मनावर घेतलं. तेव्हापासून कोणाच्याही पुढ्यात गरम बशी आली की ती थंड होईपर्यंत चाचा तिच्याभोवती फोन घेऊन फिरायचे.

थोड्याच दिवसांत अभिप्राय यायला लागले. मला वाटलं होतं, लोक माझ्यावर ताऱ्यांचा वर्षाव करतील. पहिला अभिप्राय असा होता: 'जेवण चांगलं. पण काउंटरवरच्या काकू फार प्रश्न विचारतात.' एक तारा कापला. दुसरा: 'तिसरा पेग मागितला तर काकूंनी वरणभात पाठवला.' दोन तारे कापले. तिसरा कोणी अक्कलकुव्याचा होता. 'एन्जॉय करायला आलो होतो. काकूंनी आईच्या गुडघ्यांची चौकशी केली. मूड गेला.'

मला राग आला. त्याच्या आईचे गुडघे खरंच दुखत होते! मी केतकीला फोन लावला. "हा कसला फीडबॅक? मी चांगलं वागते त्याचे तारे कापतात?"

"काकू, त्यांना जे वाटलं ते त्यांनी लिहिलं."

"मग त्या हायवेवरच्या निळाईला पावणेपाच तारे कसे?"

निळाई लाउंज नवीनच उघडलं होतं. निळे दिवे, बाहेर काळा चष्मा घातलेला दारवान. आमची तरुण गिऱ्हाइकं हळूहळू तिकडे वळत होती. खरं सांगायचं तर मी वरवर हसत होते, पण धास्ती होतीच. निवांत बंद पडलं तर मी मुलाकडे नाशिकला जाऊन नातवंडांचे डबे भरले असते, पण रशीदचाचा आणि आमचे दोन वाढपी काय करणार?

केतकी शांतपणे म्हणाली, "एकदा जाऊन बघा ना. बसा, खा आणि तुम्हीच तारे द्या. दुसऱ्याला देऊन बघितले की आपल्याला का मिळतात ते कळतं."

पोरगी बोलते ते पटण्यासारखं बोलते, हीच तिची अडचण.

एका सोमवारी, आमच्याकडे फारसं कोणी नसतं म्हणून, संध्याकाळी मी आणि रशीदचाचा निळाईत गेलो. मी इरकल नेसले होते, चाचांनी ईदचा कुर्ता घातला होता. दारवानाने आम्हाला वर्गणी मागणारे समजून आधी अडवलं. आत सगळं निळं. चाचांचा पांढरा कुर्ता तर कपडे धुवायच्या निळीत बुडवल्यासारखा दिसत होता. गाणं इतक्या मोठ्याने लागलेलं की छातीतले ठोके आपले की त्यांचे ते कळेना.

खुर्च्या नव्हत्याच. पोत्यांसारख्या मोठ्या मोठ्या पिशव्या ठेवलेल्या. मी एकीवर बसले. बसले म्हणजे आत गेले. गुडघे वर, डोकं खाली, आणि पदर कुठे गेला त्याचा पत्ता नाही.

"चाचा, उठवा मला!" मी ओरडले.

"काय?"

"उठवा!"

चाचांनी माझा हात धरून ओढला. मी उठले नाही, चाचाच शेजारच्या पिशवीत कोसळले. आता आम्ही दोघं उताणे, छताकडे बघतोय, आणि छतावर निळे ठिपके गरगर फिरताहेत.

"वहिनी," चाचा तिथूनच ओरडले, "मी आते उठत नही. माले इथंच दफन करा!"

शेवटी मालक धावत आला. पोरगेलासा, पूर्वी शहाद्याला ट्रॅक्टरच्या दुकानात होता. त्याने आणि दारवानाने मिळून आम्हाला बाहेर काढलं. मला ओळखल्यावर तो ओशाळला. "वहिनी, तुम्ही? आधी सांगायचं ना!" त्याने आमच्यासाठी कुठूनतरी दोन प्लास्टिकच्या खुर्च्या आणल्या, गाणं बारीक केलं आणि अगदी जवळ वाकून विचारलं, "कसं वाटलं? खरं सांगा. रोज तारे बघतो मी. एक जरी कमी झाला तर झोप येत नाही."

मी त्याला झोडपायच्या तयारीने गेले होते. पण त्याचा चेहरा बघून माझा आवेश ओसरला. त्याचा पनीर टिक्का खरंच चांगला होता. चाचांनी दोनदा मागवला, आणि चाचा दुसऱ्याच्या हातचं सहसा खात नाहीत. घरी येऊन मी रातकिड्यावर लिहिलं: 'पनीर उत्तम. मालक चांगल्या घरचा. बसायच्या पिशव्या काढाव्यात, म्हाताऱ्यांना उठता येत नाही. कोणी काही विचारलं नाही, त्यामुळे थोडं एकटं वाटलं.' चार तारे दिले.

ते शेवटचं वाक्य लिहिताना मला कळलं की जे मला हवं होतं तेच काही लोकांना नको असतं. तेव्हापासून कोणी दारातून आत आला की मी आधी बघायची, ह्याला बोलायचंय की नुसतं बसायचंय. आईच्या गुडघ्यांची चौकशी बंद केली. म्हणजे निदान पहिल्या पेगपर्यंत तरी.

आमचे तारे जरा सुधारले. केतकी खूश, मी खूश, आणि सगळ्यात जास्त खूश रशीदचाचा. कारण त्यांच्या अंडा भुर्जीचा एक फोटो लोकांना फार आवडला होता. इतका, की रातकिड्याने तो आपोआप आमच्या पानावर सगळ्यात वर, मोठा करून लावला. चाचा येणाऱ्या-जाणाऱ्याला फोन दाखवत. "देखा? मन्ही भुर्जी!"

मीही एकदा चष्मा लावून तो फोटो नीट पाहिला. पुढे भुर्जी होती, वाफाळती, कोथिंबीर भुरभुरलेली. आणि तिच्या मागे, पासपोर्टसाठी काढावा इतका स्वच्छ, कोपऱ्यातल्या रमेशभाईंचा चेहरा होता. तोंड उघडं, घास अर्ध्यावर, आणि चेहऱ्यावर देव भेटल्याचा आनंद.

"चाचा! हे काय केलंत?"

"काय व्हयनं? भुर्जी बराबर वनी ना!"

"भुर्जी नाही, मागे बघा, मागे!"

चाचांनी फोन डोळ्यांजवळ नेला, लांब नेला. मग सावकाश खाली बसले. "या अल्ला. भाई बी वना का त्याम्हा!"

फोटो खाली कसा उतरवायचा ते आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं, म्हणून मी केतकीला फोन केला. ती कुठल्यातरी बैठकीसाठी मुंबईला गेली होती, फोन लागेना. आणि तोवर बातमी हद्दीपलीकडे पोचली होती. खापरच्या हॉटेलात फोटो काढतात आणि सगळ्या दुनियेला दाखवतात! त्या आठवड्यात आमच्याकडे एकही रमेशभाई फिरकला नाही. टेबलं पुसून पुसून वाढपी कंटाळले. इतकी वर्षं ज्या माणसांनी माझ्यावर विसंबून आपलं खोटं नाव सांगितलं, त्यांना मी उघड्यावर आणलं असं मला वाटत राहिलं. धंदा बुडाल्यापेक्षा ते जास्त लागलं.

गुरुवारी दिवे लावले आणि दारात एक जीप थांबली. एक बाई उतरल्या. गुजराती पद्धतीने उजव्या खांद्यावर पदर, हातात फोन. त्या सरळ गल्ल्याशी आल्या.

"जयंतीभाई क्यां छे?"

"ताई, ह्या नावाचं इथे कोणी येत नाही," मी म्हटलं. आणि ते अगदी खरं होतं.

त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. भुर्जी आणि रमेशभाई. "आ मारा घरवाळा छे. सुरतला शिकतो ना आमचा भाचा, त्याने दाखवला. मला सांगतात, सत्संगाला जातो. आ सत्संग छे?"

त्यांचं नाव मंजुळाबेन. मी त्यांना बसवलं, पाणी दिलं. त्या बसल्या त्या नेमक्या कोपऱ्यातल्याच टेबलावर.  गिऱ्हाइकाची गोष्ट त्याच्या घरी सांगायची नाही, हे मी सगळा जन्म पाळलं होतं. पण बाई रडकुंडीला आल्या होत्या.

"मला माहीत होतं," त्या म्हणाल्या. "दर गुरुवारी बडीशेपचा वास. मी काही बोलले नाही. मनात नवस केला. हे दारू सोडतील तेव्हाच मी चा पिईन. तेव्हापासून चा बंद. किती दिवस झाले, गणती नथी. सकाळी डोकं असं दुखतं…" त्यांनी दोन्ही हातांनी कपाळ दाबलं.

आता मात्र मला राहवेना. "मंजुळाबेन, ते दारू पीत नाहीत."

"खोटुं."

"देवाची शपथ. एक थेंब नाही."

"तो अहीं शुं करे छे?"

मी फोनवरच्या बशीकडे बोट दाखवलं. त्यांनी पहिल्यांदाच नवऱ्याचा चेहरा सोडून पुढे बघितलं. "आ शुं छे?"

"अंड्यांची भुर्जी."

त्यांनी फोटो बोटांनी मोठा करून बशी निरखली. मग त्यांचा आवाज हळूहळू चढत गेला. "ईंडा? फक्त ईंडा? दारू नहीं?" मी मान हलवली. "आ माणस ईंडा खाय छे, आणि मी चा सोडली?"

रशीदचाचा स्वयंपाकघराच्या दारात कढई हातात घेऊन उभे होते. त्यांच्याकडे वळून त्या म्हणाल्या, "भाई, एक चा आपो. आदू नाखीने."

निवांतात आजवर कोणी चहा मागितला नव्हता. चाचांनी आमच्या माणसांसाठीची पत्ती काढली, आलं ठेचलं, आणि देगीला बसतात तशा काळजीने पातेल्यापाशी बसले. मंजुळाबेननी पहिला घोट घेतला आणि डोळे मिटले. मी इतकी वर्षं लोकांना पिताना बघितलं आहे. इतक्या सुखाने पेला तोंडाला लावताना मी तोवर कोणाला पाहिलं नव्हतं.

दुसरा कप चालू असताना बाहेर मोटरसायकल थांबली. आमच्या ह्या रमेशभाईंकडे साधा बटणांचा फोन होता. त्यांना फोटोबिटो काहीच ठाऊक नव्हतं. ते नेहमीसारखे रुमालाने मान पुसत आत आले, कोपऱ्याकडे वळले आणि जागच्या जागी थिजले.

मंजुळाबेननी कप खाली ठेवला. समोरच्या खुर्चीकडे हात केला.

"आवो, रमेशभाई. बेसो."

ते बसले.  बाईंनी भुर्जी मागवली, डबल मिरची. ती समोर आल्यावर म्हणाल्या, "खाओ. मारे जोवुं छे."

"मंजुळा, मी काय म्हणतो…"

"खाओ."

त्यांनी एक घास घेतला. तो इकडून तिकडे फिरवत राहिले, उतरेना. बाई टक लावून बघत होत्या. आम्ही सगळे बघत होतो. शेवटी त्यांनी पाण्याबरोबर तो गिळला आणि अगदी लहान मुलासारखं म्हणाले, "सारी छे. चांगली आहे."

मंजुळाबेनच्या तोंडावर पदर गेला. मला वाटलं रडताहेत. पण खांदे हलायला लागले तेव्हा कळलं की त्या हसत होत्या. मग रमेशभाईही हसले, मग मला आवरेना. चाचा आत जाऊन डोळे पुसून आले.

निघण्याआधी दोघांनी तिथेच ठरवलं. घरात म्हाताऱ्या सासूबाई, त्यामुळे अंडं घरात येणार नाही. पण गुरुवारी खापरला यायचं, उघडपणे, सांगून. सत्संगाचं नाव घ्यायचं नाही. जाताना मंजुळाबेन मागच्या बाजूला जाऊन आल्या आणि मला म्हणाल्या, "कडी सारी छे." केतकीला मी मनातल्या मनात नमस्कार केला.

केतकी दोन दिवसांनी धावत आली. तिने आधी ऐकून घेतलं, मग वाद घातला. "काकू, पुण्यात लोकांना चेहरे दिसायलाच हवे असतात. कोण कुठे बसलंय ते बघूनच लोक जातात."

"आणि इकडे कोण कुठे बसलंय ते दिसू नये म्हणून येतात," मी म्हटलं. "तुला खरा फीडबॅक पाहिजे होता ना? मग हा घे. आमच्या लोकांचं तोंड दाखवू नकोस. बशी दाखव."

तिने फोनवर आमचं पान वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग तिथेच टेबलावर लॅपटॉप उघडला आणि पुण्याला फोन लावला. मोठमोठ्याने भांडली. तिच्या मित्रांना हे पटत नव्हतं. शेवटी तिने मनासारखं करून घेतलं. कोणत्याही जागेच्या मालकाने एक बटण दाबलं की त्या जागेच्या सगळ्या फोटोंतले चेहरे धुरकट होतात, पदार्थ तेवढे लख्ख राहतात. तिने त्याला नाव दिलं, 'रमेश मोड'. पुढे तिने सांगितलं की पुण्यातल्या मालकांनीच ते बटण सगळ्यात जास्त दाबलं. तिकडेही रमेशभाई असतात म्हणायचे, फक्त नावं वेगळी.

रातकिडा नंतर कोणीतरी मोठ्यांनी विकत घेतला, त्याचं नावही बदललं. केतकी आता दुसरंच काहीतरी करते, पण नंदुरबारला आली की आमच्याकडे जेवून जाते. आमचे रमेशभाई परत आले, सगळे नाही. काही जण त्या आठवड्यानंतर कायमचे गेले, आणि त्यांची खरी नावं मला ठाऊक नसल्यामुळे त्यांना बोलावणार तरी कसं? ती हळहळ आहे.

आणि आमचे भुर्जीवाले? ते येत राहिले. आता मधल्या टेबलावर बसायचे, सगळ्यांसमोर. कधी मंजुळाबेनही यायच्या आणि आल्याचा चहा घ्यायच्या. पण काही गुरुवार गेल्यावर माझ्या लक्षात आलं की बशीत अर्धी भुर्जी उरते.

"मीठ कमी पडलं का?" मी एकदा विचारलं.

"ना ना, वहिनी. मीठुं बराबर छे." ते कसनुसं हसले. "पण पहिल्यासारखी मजा नथी आवती."

मी गल्ल्यावर परत गेले. थोड्या वेळाने पाहिलं तर ते उठले होते. आपली बशी आपणच उचलून ते कोपऱ्यातल्या जुन्या टेबलावर गेले, भिंतीकडे तोंड करून बसले, आणि मला बोटाने जवळ बोलावलं. मी वाकले. त्यांनी दाराकडे एकदा बघून घेतलं आणि माझ्या कानात म्हणाले,

"वहिनी, मच्छी मळशे?"

मी तशीच आत गेले आणि रशीदचाचांना सांगितलं. चाचांनी कढई खाली ठेवली, दाढीवरून हात फिरवला आणि समाधानाने म्हणाले,

"भुर्जी पकडाई जावाले इतला दिन लागनात. आते देखूत, मच्छी कितला दिन टिकस."